पिथियसची बाग आणि दुष्ट कपटाची व्याख्या

रोमन कायद्यातील काही कल्पना कायद्याच्या ग्रंथांपेक्षा एखाद्या कथेमुळेच अधिक लोकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. ‘दोलुस मालुस’ ही त्यांपैकी एक होय. ‘दोलुस’ म्हणजे कपट आणि ‘मालुस’ म्हणजे दुष्ट. दुसऱ्यास नाडण्याच्या हेतूने योजिलेले कपट, असा या जोडशब्दाचा स्थूल अर्थ. ज्या कथेच्या आधाराने ही कल्पना सामान्य वाचकापर्यंत पोचली, ती सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगितली आहे. कथा लहान आहे, विनोदी आहे आणि एकदा वाचली की विसरत नाही. तिच्या रचनेची स्तुती करणे सोपे आहे व ती योग्यही आहे. परंतु ज्या व्याख्येचे उदाहरण म्हणून ती सांगितली गेली, त्या व्याख्येला ती खरोखर आधार देते काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे. माझे उत्तर थोडक्यात असे की, ही कथा तिच्या शेवटी दिलेल्या व्याख्येपेक्षा अधिक जाणते. आणि व्याख्येत जे सुटले ते भरून काढण्याचे काम सिसेरोमागून आलेल्या कायदेपंडितांना करावे लागले.

प्रथम ग्रंथाचा प्रसंग ध्यानात घेऊ. इ. स. पू. ४४ च्या मार्च महिन्यात ज्युलियस सीझरचा वध झाला. त्या वर्षाच्या उत्तरार्धात, राज्यकारभारातील आपले स्थान हातचे गेले असता, सिसेरोने हा ग्रंथ लिहिला. अथेन्स येथे तत्त्वज्ञानाचे अध्ययन करीत असलेल्या आपल्या मुलास, मार्कसला, उद्देशून तो आहे. पहिल्या भागात सदाचार कशास म्हणावे, दुसऱ्यात हितकर कशास म्हणावे, आणि तिसऱ्यात या दोहोंमध्ये विरोध भासल्यास मनुष्याने काय करावे, असा विषयाचा क्रम आहे. तिसऱ्या भागात व्यापार-व्यवहारातील पेच एकामागून एक येतात. आपली कथा त्यांपैकीच एका पेचाच्या अनुषंगाने येते.

कानियस नावाचा एक रोमन सरदार होता. बोलण्यात चतुर आणि बऱ्यापैकी वाचलेला. तो विश्रांतीसाठी सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरात गेला. मित्रांना बोलवावे, कोणाचा उपद्रव न होता चार दिवस सुखात घालवावे, यासाठी एखादी छोटीशी बाग विकत घ्यावी असे तो जागोजाग बोलू लागला. ही गोष्ट पिथियस नावाच्या सराफाच्या कानी गेली. ‘माझी बाग विकाऊ नाही; पण आपलीच समजून हवी तेव्हा या,’ असे म्हणून त्याने कानियसला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण दिले. सराफ असल्यामुळे सर्व थरांतील लोकांशी त्याचे सख्य होते. त्याने कोळ्यांना बोलावले, उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा अशी विनंती केली आणि त्यांनी काय करावयाचे ते समजावून सांगितले. कानियस वेळेवर आला. मेजवानी थाटाची होती. डोळ्यांपुढे होड्यांची गर्दी. जो तो आपण धरलेले मासे आणतो आहे आणि पिथियसच्या पायाशी टाकतो आहे. कानियसने आश्चर्याने विचारले, हे एवढे मासे, एवढ्या होड्या कशा? पिथियसने सांगितले, यात नवल ते काय. सिराक्यूजचे सारे मासे इथेच, गावाचे पाणीही इथलेच, या बागेवाचून या लोकांचे चालत नाही. झाले! कानियसला बागेचा ध्यास लागला. पिथियस आधी नाही नाही म्हणाला, शेवटी राजी झाला. पैसेवाल्या आणि हावरट गिऱ्हाइकाने मागितली ती किंमत दिली, बागेतील सामानसुमानासकट ती घेतली. वह्यांत नोंदी झाल्या, व्यवहार पुरा झाला. दुसऱ्या दिवशी कानियसने मित्रांना बोलावले आणि स्वतः लवकर जाऊन बसला. पाहतो तो वल्हे अडकवण्याची एक खुंटीसुद्धा दृष्टीस पडेना. त्याने शेजाऱ्याला विचारले, आज कोळ्यांचा काही सण आहे काय? शेजारी म्हणाला, मला तरी ठाऊक नाही. पण इथे कोणी मासे धरीत नाही. म्हणूनच काल काय झाले याचे मला नवल वाटत होते.

कानियस संतापला. पण करतो काय? सिसेरो म्हणतो की, आपला सहकारी व मित्र गायस अक्विलियस याने दुष्ट कपटाविषयीच्या दाव्याचे मसुदे तोवर प्रसिद्ध केले नव्हते. हा अक्विलियस गॅलस आणि सिसेरो इ. स. पू. ६६ मध्ये बरोबरीने प्रीटर, म्हणजे न्यायदानाचे अधिकारी, होते. दुष्ट कपट म्हणजे काय असे विचारले असता तो उत्तर देई की, दाखवावयाचे एक आणि करावयाचे दुसरे, ते दुष्ट कपट. व्याख्या करण्यात कुशल अशा पुरुषाची ही व्याख्या किती स्वच्छ आहे, अशी सिसेरोने तिची वाखाणणी केली आहे.

आता कथेकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहू. सिसेरोने कोळ्यांना बोलावण्याचा प्रसंग मेजवानीच्या आधी सांगितला आहे. यामुळे वाचक पडद्यामागे बसतो आणि कानियस पडद्यापुढे. होड्या येऊ लागल्या की आपण हसतो, कारण त्या का आल्या हे आपणांस ठाऊक असते. हास्य निर्माण करण्याची ही रीत नाटकातली आहे, आणि पिथियसने रचलेला प्रकारही नाटकच होय. कथाकाराचे कौशल्य असे की, कपटाचा हेतू त्याने कोठेही शब्दांत सांगितला नाही. केवळ प्रसंगांच्या क्रमातून तो उघड केला. शेजाऱ्याचे एक वाक्य कथेचा शेवट करते. त्यात पिथियसवर आरोप नाही, कानियसविषयी सहानुभूती नाही. एका निरुपद्रवी मनुष्याचे साधे नवल आहे. एवढ्याने सारा डाव उलगडतो.

परंतु हेच कौशल्य व्याख्येच्या बाबतीत वाचकाची दिशाभूल करते. व्याख्या आपणांस स्वच्छ वाटते, कारण पिथियसचे मन आपण आधीच पाहिले आहे. न्यायासनावर बसणाऱ्या पंचाला हा लाभ नसतो. त्याला कोळ्यांची ती बैठक दिसत नाही. त्याचे आसन वाचकाच्या शेजारी नसून कानियसच्या शेजारी असते. त्याच्या हाती लागते ते एका दिवसाचे होड्यांचे दृश्य, दुसऱ्या दिवसाचे रिकामे पाणी आणि शेजाऱ्याची साक्ष. एवढ्यावरून दुसऱ्याच्या अंतःकरणात काय होते हे त्याला ठरवावयाचे असते. कथेने हे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे, आणि म्हणून ते किती अवघड आहे हे कथा वाचताना जाणवत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्या मेजवानीत खोटे असे नेमके काय होते? होड्या खऱ्या होत्या. मासे खरे होते. कोळ्यांनी बागेसमोर मासे धरले हेही खरे. खोटे होते ते पिथियसचे एकच उत्तर. आता अशी कल्पना करावी की, कानियसने प्रश्न विचारल्यावर पिथियस काहीच बोलला नाही, फक्त हसला आणि पाहुण्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला. कपट कमी झाले असते काय? कोणीही समंजस मनुष्य ‘नाही’ असेच म्हणेल. मग कपटाचे बीज त्या खोट्या वाक्यात नव्हते. ते एका दिवसाच्या व्यवस्थेला नित्याच्या रिवाजाचे रूप देण्यात होते, आणि हे रूप कानियसचे पैसे काढण्यासाठीच दिलेले होते. अक्विलियसची व्याख्या ताणली तर येथे लागू होते. पण तिचे लक्ष ‘दाखवणे’ आणि ‘करणे’ यांतील अंतरावर आहे, आणि कथेचे लक्ष ते अंतर कोणासाठी व कशासाठी निर्माण केले यावर आहे. व्याख्येपेक्षा कथा अधिक जाणते असे मी वर म्हटले ते याच अर्थाने.

सिसेरोलाही ही अडचण अगदीच जाणवली नसेल असे नाही. त्याच भागात थोडे आधी त्याने एक प्रसिद्ध पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, धान्य अतिशय महाग झाले आहे. अलेक्झांड्रियाहून एक सचोटीचा व्यापारी धान्याने भरलेले जहाज घेऊन तेथे पोचतो. मागून आणखी पुष्कळ जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. हे त्याने ऱ्होड्सच्या लोकांना सांगावे, की गप्प राहून मिळेल त्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजिनीज आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्ववेत्त्यांची मते सिसेरो समोरासमोर ठेवतो. गुरू म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. शिष्य म्हणतो, मनुष्यमात्राच्या हिताची जबाबदारी घेऊन जन्मलेल्याने हे झाकून ठेवू नये. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे. परंतु हा व्यापारी काहीही ‘दाखवीत’ नाही, तो केवळ बोलत नाही. अक्विलियसच्या सूत्राच्या जाळ्यातून तो सहज सुटतो. हे ओळखूनच की काय, पिथियसच्या कथेनंतर सिसेरो व्याख्येची व्याप्ती वाढवतो आणि म्हणतो की, ती खरी मानल्यास सारे सोंग आणि सारी लपवालपवी मानवी जीवनातून काढून टाकली पाहिजे.

येथे समीक्षकाने थांबले पाहिजे. सारी लपवालपवी काढून टाकावयाची? चोरापासून धन लपवणारा गृहस्थ, छळ होणाऱ्या मित्राला घरात आसरा देऊन दारात ‘येथे कोणी नाही’ म्हणणारा मनुष्य, या सर्वांनी एक दाखवले आणि दुसरे केले. ते दुष्ट कपटाचे धनी ठरतील काय? सिसेरोचे वाक्य उपदेश म्हणून उदात्त आहे. न्यायाचे माप म्हणून ते कोणालाही वापरता येणार नाही. म्हणजे मूळ व्याख्या गप्प राहणाऱ्याला सोडून देते आणि विस्तारलेली व्याख्या निरपराध्यालाही पकडते.

नेमका हाच दोष लाबेओ या कायदेपंडिताने दाखवला. मधली कडी सर्व्हियस सल्पिशियस रूफस याची. तो अक्विलियसचा शिष्य, इ. स. पू. ५१ चा कॉन्सल आणि सिसेरोचा स्नेही होता. त्याने गुरूच्या सूत्रात एक महत्त्वाची भर घातली : दाखवणे एक व करणे दुसरे हे खरे, पण ते दुसऱ्यास फसवण्यासाठी रचलेल्या कारस्थानाचा भाग असले पाहिजे. म्हणजे हेतू व्याख्येत आला. पुढे ऑगस्टसच्या काळी लाबेओने दोन आक्षेप घेतले. सोंग न करताही मनुष्याला नाडता येते, हा एक. आणि दुष्ट कपटावाचूनही सोंग करता येते, कारण आपली वा दुसऱ्याची वस्तू राखण्यासाठी लोक तसे करतात, हा दुसरा. म्हणून त्याने ‘दाखवणे-करणे’ ही जोडीच सोडून दिली आणि दुसऱ्याला कोंडीत धरण्यासाठी, भुलवण्यासाठी वा फसवण्यासाठी योजिलेली प्रत्येक चतुराई, लबाडी व कारस्थान, अशी व्याख्या केली. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उल्पियनने ही चर्चा नोंदवून लाबेओची व्याख्या खरी असा निर्णय दिला, आणि इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात ती आपणांपर्यंत पोचली. लाबेओच्या व्याख्येचा सारा भार ‘साठी’ या प्रत्ययावर आहे. पिथियसच्या मुक्या हास्याचा माझा काल्पनिक प्रसंग तिच्यात बसतो. मित्राला आसरा देणारा बाहेर राहतो.

उल्पियनने आणखी एक भाषिक निरीक्षण नोंदले आहे, ते मराठी वाचकाला विशेष रुचेल. प्रीटरने नुसते ‘कपट’ न म्हणता ‘दुष्ट’ हे विशेषण का जोडले? कारण जुन्या लोकांच्या मते ‘चांगले कपट’ही असते, शत्रूविरुद्ध किंवा दरोडेखोराविरुद्ध योजलेल्या हुशारीला ते हा शब्द लावीत. आपल्या भाषेत ‘कावा’ या शब्दाची हीच गत आहे. एखाद्यास ‘कावेबाज’ म्हटले की ती निंदा. पण शिवछत्रपतींच्या ‘गनिमी काव्या’चा उच्चार आपण अभिमानाने करतो. शब्द एकच, त्याचे पाप-पुण्य ठरते ते तो कोणाविरुद्ध व कशासाठी वापरला यावरून. लाबेओने व्याख्येत जे आणले ते भाषेने आपल्या परीने आधीच जाणले होते. पिथियसपुढे शत्रू नव्हता. जेवायला बोलावलेला पाहुणा होता. सिसेरोने आतिथ्याचा तपशील एवढा रंगवला आहे तो केवळ विनोदासाठी नव्हे. फसवणूक विश्वासाच्या ताटातून वाढली गेली, हे त्यातून दिसते.

आता एक शंका घेता येईल. विक्रीचा करार रोमन कायद्यात सद्भावनेवर आधारलेला होता. तेथे कपटाची चौकशी न्यायाधीश आपोआप करू शके. स्वतः सिसेरोही लगेच पुढे सांगतो की, पालकाच्या कपटाला द्वादश पटांच्या कायद्यात, तरुणांच्या फसवणुकीला प्लेटोरियन कायद्यात शिक्षा होती, आणि सद्भावनेच्या दाव्यांत कायद्यावाचूनही दाद मिळे. मग कानियस असहाय का? याचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर कथेतील एका लहानशा तपशिलात आहे : वह्यांत नोंदी झाल्या. किंमत खातेवहीत कर्ज म्हणून लिहिली गेली की मूळ विक्री मागे पडे आणि उरे ते नोंदीवरचे कोरडे देणे. अशा देण्यात न्यायाधीशाने एवढेच पाहावयाचे की नोंद आहे की नाही. पिथियस व्यवसायाने सराफ आहे, हा तपशील कथेत दोनदा उपयोगी पडतो. सराफ म्हणून कोळी त्याचे ऐकतात, आणि लेखणीने व्यवहार पक्का कसा करावा हे सराफालाच ठाऊक असते. ज्यास या बारकाव्याची कल्पना नाही त्यास कथेचा शेवट नुसता गमतीचा वाटेल. सिसेरोच्या मुलाला मात्र तो कायद्याच्या कठोरपणाचा धडा वाटला असेल.

या कठोरपणावर अक्विलियसच्या दाव्याने आघात केला. देवांच्या स्वरूपाविषयीच्या आपल्या संवादग्रंथात सिसेरोने एका पात्राच्या मुखाने या दाव्याला सर्व दुष्टाव्यांचे ओढजाळे म्हटले आहे. गोमंतकाच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ज्याने पाहिली आहे त्याला ही उपमा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पिथियसने कोळ्यांच्या जाळ्याने कानियसला धरले, आणि सिसेरोच्या दृष्टीने अक्विलियसने पिथियससारख्यांसाठी जाळे विणले. दोन्ही ग्रंथ एक-दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेले आहेत; लेखकाने हा मेळ जाणूनबुजून साधला असे म्हणण्यास आधार नाही, परंतु वाचकाला तो दिसल्यावाचून राहत नाही.

मात्र हे जाळे किती मोठे होते, हे पाहिले म्हणजे उत्साह जरा ओसरतो. दुसरा कोणताही दावा उपलब्ध नसेल आणि कारण न्याय्य दिसेल तरच प्रीटर हा दावा देई. मुदत एका वर्षाची. रक्कम क्षुल्लक, म्हणजे दोन सुवर्णनाण्यांपर्यंत, असेल तर दावा नाही. चतुराई मोठी आणि उघड असली पाहिजे. हरणाऱ्या प्रतिवादीला अपकीर्तीचा कायमचा डाग लागे. आणि याच कारणासाठी मुलाला पित्याविरुद्ध, मुक्त केलेल्या दासाला पूर्वीच्या धन्याविरुद्ध, आणि हलक्या स्थितीतील मनुष्याला प्रतिष्ठिताविरुद्ध तो नाकारला जाई. शेवटच्या प्रकाराचे उदाहरण डायजेस्टमध्ये आहे ते सामान्य नागरिक आणि कॉन्सलपद भूषवलेला पुरुष यांचे. अशा वेळी ‘कपट’ हा शब्द वगळून, केवळ घडलेल्या गोष्टींवर दावा द्यावा, असा मध्यममार्ग काढलेला आहे. म्हणजे नुकसान भरून मिळेल, पण थोर पुरुषास कपटी म्हणता येणार नाही. पिथियसच्या बागेसमोर होड्या आणणाऱ्या कोळ्यांपैकी एखाद्याला उद्या एखाद्या माजी कॉन्सलने नाडले असते, तर त्याला हाच दुय्यम दरवाजा उघडा असता. सिसेरोच्या कथेत कोळी नुसते पार्श्वभूमीला आहेत. त्यांना बेत ठाऊक होता की सराफाची विनंती मोडवेना म्हणून ते आले, हे सिसेरो सांगत नाही. फसणारा सरदार आणि फसवणारा सराफ, एवढ्यातच त्याची नीती फिरते. ही कथेची मर्यादा आहे, आणि रोमन न्यायाचीही ती मर्यादा होती. हेतू तोलताना हेतू बाळगणाऱ्याची प्रतिष्ठाही तराजूत पडत होती.

असे असूनही ‘दोलुस’च्या कल्पनेने रोमन कायद्याला जी खोली दिली ती नाकारता येत नाही. याचे उत्तम प्रमाण दाव्यात नसून बचावात आहे. गायस याने आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या पाठ्यग्रंथात एक उदाहरण दिले आहे. ‘तुला पैसे कर्जाऊ देतो’ असे भासवून मी तुझ्याकडून ते परत देण्याचे वचन घेतले. पैसे मात्र दिलेच नाहीत. वचन विधिपूर्वक झाले आहे, म्हणून कोरड्या कायद्याने तू बांधला गेलास. अशा वेळी प्रतिवादीला बचावाचे एक वाक्य दाव्यात घालता येई. वादीच्या हातून या बाबतीत दुष्ट कपट ‘झालेले’ नसेल आणि ‘होत’ही नसेल तरच त्याला जिंकू द्यावे, असा त्याचा आशय. यातील दोन काळ लक्षात घेण्याजोगे आहेत. वचन घेताना वादीचे मन निर्मळ असेल, पैसे देण्याचा विचार खरा असेल. तरीही, पैसे न देता आज तो वसुलीला उभा राहतो, हे उभे राहणेच कपट आहे. दुष्ट हेतू करारापूर्वीच असला पाहिजे असे नाही, तो मागाहूनही जन्मतो. अक्विलियसच्या सूत्राला हे दिसले नसते, कारण येथे कोणी सोंग करीत नाही. हक्क म्हणून जे आहे तेच उघडपणे मागतो आहे. हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त होता आणि १८१६ मध्ये नीबूर या इतिहासकाराला व्हेरोना येथे, वरचा मजकूर लिहिण्यासाठी पुसून काढलेल्या चर्मपत्रांवर, तो सापडला.

हेतू बाह्य वर्तनावरून कसा ओळखावा, याचाही विचार रोमन पंडितांनी केला. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याकडून ती अत्यंत निष्काळजीपणाने नष्ट झाली, तर ते कपट म्हणावे काय? नर्व्हा म्हणे, होय. प्रोक्युलस म्हणे, नाही. सेल्ससने नर्व्हाची बाजू घेऊन कारण दिले. मनुष्य सर्वसाधारण माणसाइतका दक्ष नसेल तर ते सोडून द्यावे. पण आपल्या वस्तूंची जितकी काळजी घेतो तितकीही ठेवीची न घेईल, तर तो कपटमुक्त नाही. येथे मन वाचण्याचा दावा नाही. त्याच मनुष्याच्या दोन वागणुकी शेजारी ठेवून अंतःकरणाचा अंदाज बांधला आहे. शाळेत मुलांची भांडणे सोडवताना ‘मुद्दाम केले की चुकून?’ हा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्या शिक्षकांना या कसोटीचे शहाणपण सांगावयास नको.

ही कल्पना रोमबरोबर मेली नाही, आणि तिचा एक धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० मध्ये गोमंतकात लागू झाला. त्यात लॅटिन ‘दोलुस’चा वंशज शब्द होता, आणि एक सूक्ष्म भेदही होता. दुसऱ्याला चुकीच्या समजुतीत पाडण्यासाठी वा त्यातच ठेवण्यासाठी केलेली क्लृप्ती म्हणजे कपट. आणि दुसऱ्याची चूक कळल्यावर ती त्याच्यापासून लपवणे म्हणजे दुर्भाव. पिथियस पहिल्या सदरात, आणि ऱ्होड्सचा व्यापारी दुसऱ्या सदराच्या उंबरठ्यावर! मुक्तीनंतर करारांच्या क्षेत्रात १८७२ चा भारतीय करार कायदा आला. त्याच्या १७ व्या कलमातही फसवण्याचा हेतू हाच फसवणुकीचा गाभा आहे. नुसते मौन म्हणजे फसवणूक नव्हे, पण बोलणे कर्तव्य असेल तेथे मौन हीच फसवणूक, असा त्याचा निवाडा आहे. डायोजिनीज आणि अँटिपेटर यांचा वाद मिटलेला नाही; त्याची सीमा तेवढी आखली गेली आहे.

शेवटी कथेच्या मूल्यमापनाकडे वळू. सिसेरोने पिथियसनंतर थोड्याच अंतरावर अक्विलियसचे गुरू क्विंटस म्युशियस स्केव्होला यांचा एक किस्सा दिला आहे. त्यांनी एक शेत विकत घ्यावयाचे ठरवले आणि शेवटची किंमत सांगण्यास विक्रेत्यास सांगितले. विक्रेत्याने ती सांगितली. स्केव्होला म्हणाले, माझ्या मते याची किंमत अधिक आहे; आणि त्यांनी १ लाख सेस्टर्स वर दिले. हा किस्सा पिथियसच्या कथेइतका रंगत नाही. सद्वर्तनाच्या कथा बहुधा रंगत नाहीत. पण दोन्ही एकत्र वाचल्यावर सिसेरोचा खरा विषय ध्यानात येतो. पिथियसला शासन करण्यासाठी कायदा शोधता येतो, आणि रोमन लोकांनी तो चिकाटीने शोधला. अधिक किंमत दिली नसती तर स्केव्होलांना कोणत्याही न्यायासनापुढे उभे करता आले नसते. या दोन टोकांमधील प्रदेश फार मोठा आहे, आणि अक्विलियसच्या एका वाक्याने तो व्यापता येईल असे सिसेरोला त्या क्षणी वाटले. ते शक्य नव्हते.

म्हणून वर्गात किंवा अभ्यासमंडळात ही कथा वाचताना ती व्याख्येपाशी संपवू नये, अशी माझी शिक्षकबंधूंना विनंती आहे. सर्व्हियसची भर, लाबेओचे आक्षेप आणि गायसचे उदाहरण ही तिचीच पुढची प्रकरणे समजून वाचावीत. ‘हे कपट का?’ असे विद्यार्थ्यांना विचारावे, आणि पिथियसचे ते खोटे वाक्य वगळून पुन्हा एकदा तेच विचारावे. मुले दुसऱ्या खेपेस अडखळतील. पण उत्तरे देतील ती स्वतःची देतील.